अण्णांनी न पाहिलेला हिमबिबट्या

अण्णांना लडाखला न्यायचं म्हणून मी घरात सगळ्यांशी भांडले. म्हैस आजारी पडली की ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, अशा माझ्या बापाला एकदा तरी हिमबिबट्या दाखवायचाच, म्हणून मी हट्टाला पेटले होते. कोल्हापूर सोडताना डॉक्टरांनी दम भरला होता. अण्णा म्हणाले, तू म्हणतीस तर येतो की.

तिथल्या राष्ट्रीय उद्यानात चार दिवस नुसता बर्फ, दगड आणि लांबवर चरणाऱ्या जंगली मेंढ्या. दहा पावलं चाललं की अण्णांना धाप लागायची. चौथ्या दिवशी, आम्ही उतरलो होतो त्या घरचा शेतकरी शेगडीपाशी बसून हिंदीत सांगत होता. गेल्या हिवाळ्यात हिमबिबट्या त्याच्या गोठ्यात शिरला, होत्या नव्हत्या त्या मेंढ्या मारल्या आणि पोट भरून तिथंच बसून राहिला. गाव काठ्या घेऊन जमलं. शेवटी यानंच दार उघडून त्याला वाट दिली.

का सोडलंस, अण्णांनी विचारलं. तो म्हणाला, मेंढ्या तर मेल्याच होत्या.

अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. उंची बाधली असेल म्हणून मी उगीच त्यांच्यावर डाफरले.

सकाळी वाटाड्यानं दुर्बीण लावली आणि एकदाचं घोडं गंगेत न्हालं. समोरच्या कड्यावर मादी होती, मागं दोन पिल्लं. मला रडू आलं. मी अण्णांना हाक मारली, तर ते दगडावरनं उठेनात. माझी सटकली. एवढा जिवाचा आटापिटा करून आणलं, ते दगडावर बसायला का, असं मी नको तेवढं बोलले.

"तू बारावीला हुतीस," ते खाली बघत म्हणाले. "बिबट्यानं आपलं रेडकू मारलं. अर्धं खाऊन गेला. ऱ्हायलेल्या मढ्यावर मी उसाला मारायचं औषध टाकलं. सकाळी बघतो तर बिबट्याची मादी उसात मरून पडलेली. सड दुधानं भरलेलं हुतं."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"पिल्लं उसातच असणार हुती. मी हुडकली न्हाईत."

वाटाड्यानं परत हाक मारली. मादी निघाली होती. अण्णांनी मला हातानं ढकललं.

"तू जा, बघ. पिल्लं तिच्या मागनं चालल्यात का, तेवढं मला सांग."