छपरावरची लग्नपत्रिका

आज पोशीरहून लग्नपत्रिका आली. पाकिटाला लावलेल्या हळदीचा वास आला आणि दहिवलीच्या परसातलं बाबांचं स्टेशन आठवलं.

जास्वंदीखालून त्यांची खेळण्यातली आगगाडी धावायची. तिचं स्टेशन, केबिन, मालधक्का, सगळं जुन्या लग्नपत्रिकांचं. पुठ्ठा जाड, गुळगुळीत आणि फुकट. कापायचं काम माझं.

एकदा बाबांची चुलतबहीण, सुमनआत्या, पोशीरहून तणतणत आली. "दादा, पोरीच्या लग्नाला आलास नाय रं?"

"पत्रिकाच नाय आली गं!" बाबा गळ्याला हात लावून म्हणाले.

तेवढ्यात गाडी स्टेशनात शिरली. आत्या बघायला वाकली ती वाकलेलीच राहिली. स्टेशनच्या छपरावर सोनेरी अक्षरांत तिच्या लेकीचं नाव होतं. जावयाचं नाव मालधक्क्याच्या भिंतीवर होतं.

"आली तर हाय की," आत्या म्हणाली. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी कात्री पाठीमागे लपवली.

तेव्हा वाटलं, आत्या आता आमची पायरी चढणार नाही. आज बाबा नाहीत, स्टेशन मी सांभाळते. ही पत्रिका आत्याच्या नातीची. उलटून बघितली, तर मागे आत्याचं थरथरतं अक्षर: "आधी लग्नाला ये. मग कात्री लाव."