दत्तरावांचं गाइड आणि अख्खं वांगं

दत्तरावांच्या वेल्डिंगच्या दुकानात लोखंडाचा भुगा रोज संध्याकाळी झाडून काढतात, आणि रोज सकाळी तो कुणाच्या तरी तळपायाला टोचतोच. कुठून येतो देव जाणे! आमच्या गप्पांचंही तसंच झालंय. एक किस्सा सांगून मोकळं व्हावं, तर दुसरा मागं चिकटलेलाच असतो.

आम्ही चौघं. आखाडा बाळापूरच्या रोडवर दत्तरावांचं वेल्डिंग, शेजारी माझं मोटार रिवाइंडिंग, समोर सलीमभाईंचं टायरचं दुकान. चौथा शेषराव, जवळच्या तांड्यावरचा. शेती करतो, पण दुपारचा डबा आमच्यात बसून खातो.

मोबाइलवर व्हिडिओ बघून दत्तरावांना हातानं चाकू करायचा नाद लागला आणि त्यांनी तो आम्हालाही लावला. ग्राइंडरला सक्त बंदी! "ग्राइंडरनं पातं तापते, पोलादाचं पाणी उतरते, मग तो चाकू लोणी बी कापत न्हाई!" म्हणून सगळं काम कानशीवर. हात तिरका जाऊ नये म्हणून त्यांनी एक गाइड बनवलं. लाकडी फळी, तिच्यावर अँगलचा तुकडा, पातं कसायला दोन बोल्ट आणि मागं एक कडी. कानशीला जोडलेली सळई त्या कडीतून सरकते, त्यामुळे कानस दर वेळी त्याच उतारावर चालते आणि धार एकसारखी येते. या गाइडला दुसऱ्यानं हात लावला तरी दत्तरावांच्या कपाळावर आठी!

*

पहिला चाकू सलीमभाईंचा. त्यांनी एक बाजू अशी घासली की तिच्यात मिशा दिसाव्यात. मग कानस ठेवली आणि म्हणाले, "हो गया!"

"अन् दुसरी बाजू?" दत्तरावांनी विचारलं.

"अरे भाई, प्याज एकही बाजू से कटता ना!"

लगेच कांदा मागवला. चाकू मधोमध टेकवला, खाली दाबला, तर तो सरळ जायचं सोडून कडेनं बाहेर आला! परत टेकवला, परत तेच. गावभराच्या गाड्यांचं अलाइनमेंट करणारा माणूस, आणि त्याचाच चाकू एका अंगाला ओढत होता.

दत्तराव शांतपणे म्हणाले, "सलीमभाई, याला इंडिकेटर लावा. वळायच्या आधी सांगत तरी जाईल!"

*

कानस पात्याला नेमकी कुठं लागते हे कळावं म्हणून आधी पात्याला रंग फासतात. जिथला रंग उडाला तिथं कानस लागली, इतकं सोपं. एकदा मार्कर संपला, म्हणून दत्तराव जनरल स्टोअरमध्ये नेलपॉलिश आणायला गेले.

"वहिनीसाठी का?" दुकानदारानं विचारलं.

"न्हाई, मलाच पाहिजे. लाल दे. अन् लवकर वाळते का ते लावून पाहू दे."

दुकानदारानं मुकाट्यानं बाटली उघडली. दत्तरावांनी अंगठ्याच्या नखाला लावलं, फुंकर मारली, पसंत केलं.

त्याच संध्याकाळी त्यांच्या पोरीला बघायला पाहुणे आले! दत्तराव स्वतः पान-सुपारी फिरवून राहिले होते. मुलाचा बाप बराच वेळ त्यांच्या अंगठ्याकडं बघत होता. शेवटी जरा जवळ सरकून म्हणाला, "रंग चांगला हाय."

सोयरीक जमली, हे विशेष!

*

डोंगरकडा गावचे एक केळीवाले घड कापायला चाकू सांगायला आले. आठ दिवस लागतील म्हटल्यावर भडकले. "आठ दिवस काहून? मशीनवर पाच मिनटात होते!"

दत्तरावांनी त्यांच्या हातात कानस दिली. केळीवाले रागारागानं घासायला बसले. थोड्या वेळानं राग गेला, मग गप्पा गेल्या, मग मान सुद्धा वर होईना. दिवस मावळायला आला तेव्हा त्यांचा फोन वाजला. पलीकडून बायको ओरडत होती, मळ्यात ट्रक येऊन उभा आहे म्हणून.

"थांबव त्याला!" हे इकडून ओरडले. "माझी एक बाजू राहिली!"

*

आता शेषरावचं ऐका. त्याचे चाकू आमच्या सगळ्यांत सरस. पण त्याच्या घरात एकही चालत नव्हता. त्याची बायको, कमलवहिनी, विळीशिवाय कशालाच हात लावायची नाही. म्हणून गड्यानं ठरवलं, असा चाकू करायचा की बायकोनं विळी विसरावी.

एक दिवस तो जुन्या पोलादाचं सुंदर पातं घेऊन आला. "माळ्यावर पडलं होतं," म्हणाला. आम्हीही विचारलं नाही. त्यानं ते कापलं, गाइडवर कसलं आणि जीव ओतून घासलं. दोन्ही उतार असे जुळले की दत्तरावांनी स्वतःहून चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेषरावनं डबा उघडला. भाकरी, आणि वर एक अख्खं वांगं. देठासकट.

"शेषराव, हे काय?"

"ते पातं तिच्या आईच्या इळीचं होतं," तो खाली बघत म्हणाला. "पाट मोडला म्हणून तिनं माळ्यावर ठेवली होती. सुताराकडून नवा पाट करणार होती. मी चाकू हातात दिला, तिनं पात्याचं पाटाला ठोकायचं भोक पाह्यलं अन् वळखलं."

"मग काय म्हणाली?"

"आईची इळी न्हाई तर चिरू कशानं म्हणाली, अन् रोजची इळी बी उचलून माळ्यावर टाकली. तवापासून बोलली न्हाई."

*

त्यानंतर रोज डब्यात काय निघेल याची आम्हाला धास्ती बसली. एक दिवस भेंडी, टोपी-शेपटीसकट. एक दिवस सालासकट बटाटा. एक दिवस अख्खं कारलं, आणि ते त्यानं निमूटपणे खाल्लं सुद्धा!

बाजारातून त्यानं नवी विळी नेली. वहिनींनी ती दाराला टेकू म्हणून लावली. औंढ्याला जाऊन दुसरी आणली, तर म्हणाल्या, "नागनाथालाच वाहून या." तेवढं एक वाक्य बोलल्या, म्हणून शेषराव दिवसभर खुशीत होता.

सलीमभाईंनी त्याला बाजूला घेऊन समजावलं, "शेषराव, कुछ भी कर, लेकिन घर में कद्दू मत ले जा!"

आम्ही हसलो, पण शेषराव हसला नाही. कानस हातात घेऊन नुसता बसला होता. "दत्तराव, वेल्डिंग करून पुन्हा इळी होईल का तिची?"

"वेल्डिंगनं पोलादाचं पाणी जाईल. अन् कापलेलं लोखंड वाढत न्हाई, बाबा."

"चाकू चुकला तर दुसरा करता येते," शेषराव म्हणाला. "तिच्या आईची इळी कुठून करू?"

मला तेव्हा त्याचं फार वाईट वाटलं. दत्तरावांनाही वाटलं असावं, कारण त्या दिवशी ते गाइड पुसून ठेवायला विसरले.

*

आणि दुसऱ्या दिवशी गाइड गायब!

दत्तरावांनी दुकान उलथंपालथं केलं. सलीमभाईंच्या टायरांत डोकावले. माझ्याकडं तर असं बघितलं की मी न विचारताच खिसे उलटे केले. दुपारी शेषराव आला आणि त्यानं डबा उघडला. आम्ही तिघं डब्यावर वाकलो. डब्यात भाजी होती. बारीक चिरलेली!

"गाइड मी नेलं होतं," तो म्हणाला. "घरी बसून तिच्यासाठी दुसरा चाकू करावा म्हणून. शेतातून परत येऊन पाहतो तर... तुमीच चला."

दत्तराव तावातावानं निघाले, गाइड परत आणायला म्हणून. मागं आम्ही. तांड्यावर पोचलो, तर कमलवहिनी चुलीजवळ बसलेल्या. पायाखाली दत्तरावांच्या गाइडची फळी. कडी काढून बाजूला ठेवलेली. अँगलला दोन्ही बोल्टांनी शेषरावनं त्यांच्या आईच्या विळीतून केलेला तोच चाकू उभा कसलेला, धार त्यांच्याकडं. आणि त्याच्यावर त्या भोपळा चिरत होत्या.

मग दत्तराव खाकरले.

"वहिनी, ते आमचं..."

वहिनींनी मान वर केली नाही. "भाऊजी, हा खालचा बोल्ट ढिला होऊन राहिला."

दत्तरावांनी एकदा गाइडकडं पाहिलं, एकदा शेषरावकडं. मग खिशातून पाना काढला आणि खाली बसून बोल्ट गच्च कसून दिला.