सात खडे आणि मिटलेलं तोंड

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती, पण सणासुदीच्या स्वयंपाकघरात ते आम्हां बायकांपर्यंत अजून पोचलं नव्हतं. त्या भाद्रपदात मुंबईहून आगबोटीने आलेली मंडळी धरून रत्नागिरीच्या आमच्या घरात रोज पंचवीस पानं उठत होती. नारळ खवून बोटं सोलली होती, ओल्या लाकडांच्या धुराने डोळे चुरचुरत होते. ओटीवर गणपती बसलेले, आणि माझ्या मनात भक्तीचा टिपूस नाही. चैत्रात माझं तीन महिन्यांचं बाळ गेलं होतं. आरती कानावर आली की मला देवाचा रागच यायचा.

त्यात गौरींच्या आदल्या दिवशी थोरल्या जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "यंदा गौरी आणायला मी जात्ये. मांडीवर मूल असलेलीने आणलेल्या बऱ्या." मी मोदक वळत राहिले. पण मनात ठरवलं, गौरी गेल्या की वेगळी चूल मांडायची, आणि त्याआधी जाऊबाईंना असं काही बोलायचं की त्या जन्मभर विसरणार नाहीत.

सकाळी जाऊबाईच ओल्या अंगणात घसरल्या, पाय मुरगळला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. सासूबाईंनी ताम्हण माझ्या हाती दिलं. "चल गो, तू आण."

आमच्या खड्यांच्या गौरी. पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर जायचं, त्यातले सात खडे उचलायचे, तोंडात पाणी धरायचं आणि घरी येईतो अक्षर बोलायचं नाही. सासूबाई घंटा वाजवत पुढे, मी मागे. सुरुवातीला मनात भांडण चालूच होतं. ते कधी थांबलं, कळलं नाही. चैत्रापासून कानांत बाळाचं रडणं होतं, तेही थांबलं. नुसतं पऱ्याचं पाणी वाहताना ऐकू येत होतं. ताम्हणातल्या खड्यांकडे पाहिलं. वाटलं, मी गौरीला नेत नाहीये, हीच मला घरी नेते आहे.

उंबऱ्याशी जाऊबाई लंगडत आल्या. गौर आणणारीचे पाय धुवायचा मान थोरलीचा. त्यांनी खाली बसून माझ्या पायांवर कोमट पाणी घातलं, दूध घातलं, आणि हात तिथेच राहिले. त्या रडत होत्या.

"चुकले गो मी," त्या हळूच म्हणाल्या. "माझं पहिलं गेलं, तेव्हा मलाही हेच ऐकवलं होतं सगळ्यांनी. तेच तोंडातून आलं बघ."

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. रात्रभर घोटून ठेवलेलं उत्तर माझ्या ओठांशी आलं होतं, पण तोंडात पाणी. ते तुळशीपाशी टाकायचं असतं. मी गिळलं, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मी काही केलं नाही, फक्त तोंड मिटून चालले. बाकी सगळं गौरीने केलं. पुढे मला मूल झालं नाही, आणि मी ते तिच्याकडे मागितलंही नाही. पण जाऊबाई गेल्या, तेव्हा त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं.