शेवटच्या रांगेपर्यंत

ओरडणं हाच ज्यांचा पोटाचा धंदा, अशी सात माणसं राजवाड्याच्या देवडीवर रोज एकत्र बसली की किस्से साचणारच! आम्ही बडोद्याच्या दरबारचे भालदार. महाराज आले की "निगा रखो" अशी ललकारी द्यायची आणि त्यांची बिरुदं पुकारायची. पुढे माझ्या घशात कॅन्सर निघाला, मुंबईच्या सर्जननं गळा उघडून एक स्वरतंतू काढला, आणि तेव्हापासून देवडीवरचे सगळे किस्से माझेच.

सर्जन म्हणाला होता, "स्वरयंत्र वाचवलंय. आवाज राहील." राहिला की! सुपात धान्य पाखडावं तसा.

आम्हा भालदारांच्या जमादारांनी अट घातली, "ज्या दसऱ्याला तुझी ललकारी शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल, त्या दसऱ्याला तू पुन्हा पुढे." तोवर पुढे माझा जोडीदार हणमंतराव, आणि मागे भाला धरून मी. नुसते ओठ हलवायचे!

•

घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत गुजराती दुकानदाराकडे पावशेर साखर मागितली. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, पुढे वाकला आणि माझ्याहून हळू कुजबुजला, "शुं थयुं, राव? कोण गेलं?"

•

डभोईचा मेहुणा पाच वर्षं माझ्या कानाशी बोंबलतोय, "दाजी, जेवलात का?"

"अरे, गळा कापलाय, कान नाही!" मी दर वेळी सांगतो. त्याला ते ऐकूच जात नाही.

•

पाणी प्यायलो की ठसका लागायचा. डॉक्टरांनी शिकवलं, हनुवटी छातीला टेकवून गिळा. एकदा देवडीवर तसं पीत असताना समोरून कारभारीसाहेब गेले. त्यांना वाटलं, मुजरा! खूश होऊन म्हणाले, "अदब म्हणतात ती या एकट्याकडे आहे."

उरलेले सहा जण महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी तरी कुठे बोलत होतो म्हणा!

•

बायको वीस वर्षं म्हणायची, "हळू बोला हो, सगळा दांडिया बाजार ऐकतो." एके दिवशी भाजीवरून मी तिच्यावर चिडलो, चांगला तावातावानं. ती शांतपणे वाढत राहिली. मग म्हणाली, "काही हवंय का?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. राग आला होता, आणि तो मला घरातसुद्धा पोचवता येत नव्हता.

•

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी परसात ललकारीचा सराव सुरू केला. शेजारी हसायचे. हसू देत!

ऑपरेशननंतरचा सहावा दसरा आला. दरबार भरला. हणमंतरावानं झोकात सुरुवात केली आणि अर्ध्यावर बिरुदं विसरला! सगळा दरबार चिडीचूप. मागून मी उरलेली बिरुदं म्हणून टाकली. एकही चुकलं नाही.

दरबार उठल्यावर शेवटच्या रांगेतले एक म्हातारे सरदार काठी टेकत आमच्याकडे आले. जमादार शेजारीच उभे होते.

"अर्धी राहिलेली ललकारी पुरी कोणी केली रे? मला अगदी स्वच्छ ऐकू आली!"

मी तोंड उघडलं आणि नेमका ठसका लागला.

तो थांबेपर्यंत हणमंतराव मुजरा करून सांगत होता, "मीच, सरकार! घसा जरा बसला होता."