नाक्याच्या खिडकीतली लाल पट्टी

जानरावमामा गेल्याचं मला एका फ्लेक्सवरून कळलं. मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभी होते आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक चित्र आलं. निळं आभाळ, पांढरी कबुतरं, 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधोमध आमच्या भागातल्या पुढाऱ्याचा हात जोडलेला मोठा फोटो आणि कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढ्या गोलात, जानरावमामा. खाली चुलतभावाचा प्रश्न होता, "डिझाईन ओके हाय का? छापाले टाकू?" त्याखाली बाबांचं उत्तर, "मामाचा फोटो थोडा मोठा होते का पाय. पन साहेबाचा लहान नको करू." मी ते दोनदा वाचलं. मग घरी फोन लावला, तेव्हा आई म्हणाली, "अवं, सकाळीच गेले. तुले कोणी सांगतलंच नाही का?"

जानरावमामा हे बाबांचे मामा, पण गावात सगळेच त्यांना मामा म्हणत. मोताळ्याकडून आमच्या गावाला येताना नदीवर एक ठेंगणा दगडी पूल लागतो. त्याच्या तोंडाशी, वळणावर, एक खोली आहे. दोन खाटा टाकल्या की भरेल एवढी. पूल नवा होता तेव्हा बैलगाड्यांकडून कर घ्यायचा नाका म्हणून ती बांधली होती. गाडीवानाचा हात पोचेल अशा उंचीवर तिला खिडकी आहे, बाहेर रस्त्यावर आडवा पडणारा लोखंडी दांडा आहे आणि त्या दांड्याचा दोर खिडकीतून आत येतो. मामांचे वडील त्या दोराशी बसायचे. पुढे कर बंद झाला, खोली उरली. तिच्यात डांबराची पिंपं ठेवू लागले. मामा रस्त्यावर मैलकामगार म्हणून लागले आणि पावसाळ्यात त्यांचं काम पुन्हा त्याच खिडकीशी आलं. खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातून पुलाचा तिसरा खांब दिसतो. त्यावर एक लाल पट्टी रंगवलेली आहे. पाणी पट्टीला टेकलं की थोड्याच वेळात वरचा नाला येऊन मिळतो आणि पूल बुडतो. म्हणून पाणी टेकलं की मामा दोर सोडून दांडा पाडायचे. ते बाहेर का येत नाहीत, असं मी लहानपणी विचारलं होतं. "बाहीर उभा राह्यलो त लोकं मारतात," ते म्हणाले. "अंदर बसलो त निसत्या शिव्या देतात."

मामा रिटायर झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. मग खोलीचं जे ज्याला हवं ते झालं. काही दिवस तिथे पोलिओचा डोस दिला. नंतर पानाची टपरी, मग पत्ते खेळणाऱ्यांचा अड्डा, मग निवडणुकीचे बोर्ड ठेवायची जागा. आणि शेवटी, कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या खोलीचं आपल्याकडे जे होतं ते झालं... येणारा-जाणारा गाडी थांबवून तिच्या भिंतीशी उभा राहू लागला. दारात गुटख्याच्या पिचकाऱ्या, आत बाटल्या, उष्ट्या पत्रावळी, आणि उन्हाने आंबलेला तो वास. मामा मात्र रिटायर होऊनही पावसाळ्यात दोराशी बसायचे, आणि रोज सकाळी खराटा, बादली आणि फिनाईल घेऊन जायचे. आदल्या दिवशी तिथेच उभे राहिलेले लोक त्यांना हसायचे. "काय मामा, मंदिर झाडून राह्यले का?" मामा म्हणायचे, "हाव. कालचं तीर्थ तुहंच व्हतं ना?"

आमच्या घरी याची लाज वाटायची. भिंत ओली करणाऱ्यांची नाही, ती धुणाऱ्याची. "लोकाइची घाण उचलते हा म्हातारा, अन् नाव आपलं जाते," बाबा म्हणायचे. मामा घरी आले तर पायरीवर बसायचे. आईने त्यांचा कप वेगळा ठेवला होता, कान तुटलेला, खिडकीत पालथा. सख्ख्या मामाचा कप. तो वेगळा का, हे मी कधी विचारलं नाही. मला माहीत होतं.

नववीत असतानाची गोष्ट. आमची शाळेची व्हॅन पुलाशी आली आणि समोर दांडा पडला. नदी तर खाली दिसत होती, पाऊसही थांबलेला. ड्रायव्हर ओरडला, "ए म्हाताऱ्या, उचल बे दांडा! पोराइचा पेपर हाय!" मागून मोटारसायकलवाल्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. एकजण उतरला, त्याने खिडकीवर दगड मारला. मी खिडकीच्या अगदी समोर बसले होते. टाय, बूट, आणि नाकावर घट्ट धरलेला रुमाल. आत अंधारात मामांचा चेहरा दिसला. मी त्यांना ओळख दाखवली नाही. त्यांनी मात्र माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "नाक दाबून घे पोरी, पन थांब." थोड्या वेळाने पुलावरून मातकट पाणी वाहू लागलं, एक अख्खं बाभळीचं झाड त्यावरून गेलं. सगळ्यांनी गाड्या वळवल्या. खिडकीशी जाऊन कुणी एक शब्द बोललं नाही. मीही नाही. घरी बाबा म्हणाले, "पोरीचा पेपर बुडवला मामानं."

शेवटची भेट दिवाळीतली. मामा थकले होते, खराटा टेकत चालत होते. म्हणाले, "बाकी काई करू द्या लोकाइले. मुतू द्या. पन तेवढी खिडकी मोकळी ठेवा म्हना तुह्या बाबाले. पट्टी दिसाले पायजे." मी म्हटलं, सांगते. सांगितलं नाही. घरात त्या खोलीचा विषय काढायला मला किळस यायची.

तेरवीला गावी गेले. फ्लेक्स मामांच्या दारावर नव्हता. नाक्याच्या खोलीला बांधला होता, रस्त्यावरून दिसावा म्हणून. छपरापासून खालपर्यंत, चारी कोपरे तारेने आवळलेले. खिडकीच्या जागी नेमका पुढाऱ्याचा चेहरा आला होता. पुलाशी खुर्च्या मांडल्या, माईक लावला. पुढारी म्हणाले, जानरावजी स्वच्छतेचे पुजारी होते, या वास्तूला त्यांचं नाव देऊ. त्यांच्यामागे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांना मी त्या भिंतीशी उभं पाहिलेलं आहे. बाबा पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होते. भाषण चालू असतानाच एक माणूस उठला, खोलीच्या मागे गेला, आणि चेन ओढत परत येऊन हात जोडून बसला.

मी बाबांना म्हटलं, खिडकी झाकली आहे. ते म्हणाले, "चार दिस राहू दे, साहेबाले बरं वाटते." मी म्हटलं, आभाळ भरून आलंय. "तुले काय समजते त्यातलं? जाय, जेवाले बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईची कात्री पर्समध्ये टाकून मी पुलावर गेले. खिडकीच्या चौकटीला धरून फ्लेक्स कापत गेले. फ्लेक्स जाड असतो, कात्री अडकते, हात दुखतात. मामांच्या फोटोला धक्का लागला नाही. पुढाऱ्याचे फक्त जोडलेले हात उरले. आता कित्येक आठवडे झाले, गावात अजून विचारणा चालू आहे, विरोधी पार्टीच्या पोरांचं नाव घेतलं जातंय. बाबाही फोनवर त्यांनाच शिव्या घालतात. तुम्ही वाचताय ती पेपरची ही पुरवणी आमच्या घरी येते. म्हणून इथे लिहिते. ते मी केलं.

कापलेला तुकडा गुंडाळून मी आत गेले होते. तेरा दिवसांत खोलीची पार गटार झाली होती. कोपऱ्यात तेरवीच्याच पत्रावळी होत्या, आमच्याच घरातल्या भाताच्या. पायाखाली ओलं होतं, कशाने ते पाहायचं धाडस झालं नाही. दोर खिडकीच्या खुंटीला तसाच गुंडाळलेला होता, मामांचा हात लागून लागून टोकाशी गुळगुळीत झालेला. डावीकडच्या कोपऱ्यातून तिसरा खांब दिसला, त्यावरची लाल पट्टी दिसली, आणि तिच्या खूप खाली, गढूळ होऊ लागलेलं पाणी. मी ओढणीने नाक दाबलं... आणि थांबले.