पंचविसाव्या मिनिटाचा रकाना

माझी भावजय स्वप्नाली हिच्याइतकी नावाला जागणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. दूध उतू जातं तेव्हा ती दुधाकडेच बघत असते. म्हणजे डोळे दुधाकडे असतात, बाई कुठे असते ते देवालाही ठाऊक नसावं. माझा धाकटा भाऊ निखिल बारा वर्षांपूर्वी तिला संगमेश्वरजवळच्या एका खेड्यातून लग्न करून दुबईला घेऊन आला. तेव्हापासून आमच्या घरात एकच वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येतं, "स्वप्नाली, लक्ष कुठे आहे तुझं?" बहुतेक वेळा ते मीच म्हणते. त्यांचा मुलगा रुहान दहा वर्षांचा आहे, मराठी सगळं कळतं पण बोलतो इंग्रजीत. त्याने आईचं निदान तीन शब्दांत केलं आहे, "मम्मा इज बफरिंग."

मी मृणालिनी, तिची नणंद. लग्नाच्या भानगडीत पडले नाही. जुमेरा लेक टॉवर्समध्ये एकतिसाव्या मजल्यावर यांच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते आणि जबल अलीच्या एका गोदामात सेफ्टी बघते. सेफ्टी बघते म्हणजे चेकलिस्ट बघते. आग विझवायचे सिलिंडर जागेवर आहेत का, बाहेर पडायचे दरवाजे मोकळे आहेत का, फोर्कलिफ्टचे ब्रेक तपासले का. मोकळा रकाना दिसला की माझं डोकं फिरतं. एकोणीस वर्षं मी हेच करते आहे, आणि गोदामातली माणसं मला चळाचळा कापतात. स्वप्नाली मात्र कापत नाही. ती भर लिफ्टमध्ये मला 'वन्सं' अशी हाक मारते. आमच्या मजल्यावरच्या फिलिपिनो मुलीही आता मला गुड मॉर्निंग वन्सं म्हणतात.

तर चार वर्षांपूर्वी ही बाई मटार सोलता सोलता म्हणाली, "वन्सं, मी व्हेटरनरी नर्सिंगची डिग्री करतेय. ॲडमिशन झाली."

विद्यापीठ ब्रिटनमधलं, लेक्चर्स लॅपटॉपवर, आणि प्रॅक्टिकल इथल्याच एका ससाण्यांच्या इस्पितळात, शहर संपून वाळू सुरू होते तिथे. निखिल म्हणाला, "अगं, तुला दूध बघता येत नाही, तू पेशंट काय बघणार?" सगळ्यात मोठ्याने मी हसले. ती सोललेले मटार सालांच्या ढिगात आणि सालं पातेल्यात टाकत राहिली.

पण अभ्यासाला बसली ती बसलीच. फ्रिजवर आमच्या सुट्ट्यांचे फोटो होते, ते उतरले आणि पक्ष्यांच्या फुप्फुसांची चित्रं चढली. पक्ष्याची हाडं पोकळ असतात, त्याचा श्वास पार हाडांपर्यंत जातो, हे तिने मला पोळ्या लाटताना सांगितलं, आणि नंतर कितीतरी वेळ लाटणं हातात धरून तशीच उभी राहिली. तव्यावरची पोळी मी उलटली. पेपर मात्र तिने एकामागून एक काढले. तिचं पाठांतर ऐकून ऐकून रुहानसुद्धा 'अनेस्थेशिया' बिनचूक म्हणायला लागला.

अडलं ते शेवटच्या एका सहीवर. या डिग्रीत नर्सला जी जी कामं यायला हवीत त्यांची एक यादी असते. प्रत्येक काम मुख्य नर्ससमोर करून दाखवायचं आणि सही घ्यायची. स्वप्नालीच्या सगळ्या सह्या झाल्या, एक सोडून. भूल दिलेल्या पक्ष्यावर तो जागा होईपर्यंत नजर ठेवायची, दर पाच मिनिटांनी श्वास आणि ठोके मोजून तक्त्यात लिहायचे. दोनदा तिने हे केलं आणि दोनदा मुख्य नर्स रुखसार मॅडमनी तक्ता बिनसहीचा परत केला. मी दोन्ही तक्ते पाहिले. एक रकाना मोकळा नाही, खाडाखोड नाही, स्वप्नालीचं ते गोल गोल अक्षर. माझ्या हाताखालच्या एकाही माणसाने इतका स्वच्छ कागद मला आजवर दिलेला नाही. मी तणतणले, फोन करून भांडायलाही निघाले होते. स्वप्नाली म्हणाली, "नको, वन्सं. त्या एवढंच म्हणाल्या, ध्यान नहीं है, फिर से करो." आणि तिने मान खाली घातली.

नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी यादी बंद होणार होती. त्या दिवशी सही मिळाली नाही तर अख्खं वर्ष पुन्हा. आदल्या संध्याकाळी ती गॅलरीत माझ्याशेजारी उभी होती. "या खेपेला नाही झालं तर सोडून देईन मी," ती म्हणाली. "निखिलनी अजून किती वर्षं बाहेरचे डबे खायचे? नसेल माझ्यात ते. सगळे म्हणतात ते काय खोटं आहे?"

सगळे म्हणजे मुख्यतः मी.

गुरुवारी मी रजा टाकली. तिला पोचवायला मीच जाते, कारण ड्रायव्हिंग टेस्टमध्ये ती सहा वेळा नापास झाली आहे. सहाव्या वेळी सिग्नल हिरवा झाला तरी ती समोरच्या झाडावरचा पोपट बघत बसली होती. सकाळी खाली धुकं पसरलं होतं. आमच्या गॅलरीतून तलाव नाही, रस्ता नाही, फक्त पांढऱ्यात उभे असलेले टॉवर आणि त्यांच्या गच्चीवरचे लाल दिवे. गाडी त्या पांढऱ्यात शिरली. हायवेवर पुढच्या गाडीचे दिवे तेवढे तरंगत होते. स्वप्नालीने काच जराशी खाली केली आणि धुकं आत येऊ दिलं. मी रागावले नाही. वाळवंट सुरू झालं तेव्हा एका टेकाडावर उंटांच्या नुसत्या माना दिसल्या, आणि लगेच पुसल्याही गेल्या.

एरवी मी तिला दारातच सोडते, त्यामुळे इस्पितळाची बसायची खोली मी पहिल्यांदाच पाहत होते. आमच्याकडे दवाखान्यात माणसं खोकत बसतात. इथे हिरव्या गवताच्या गादीचे बुटके खांब ओळीने मांडलेले, आणि प्रत्येकावर एक ससाणा. डोळ्यांवर कातड्याची चिमुकली टोपी, तिला बुरका म्हणतात. वीसेक पक्षी, सगळे आंधळ्या अंधारात, सगळे शांत. मधूनच एखादा पंख झटकायचा, पायातलं घुंगरू वाजायचं आणि पुन्हा शांतता. तिथे बसल्यावर मलाही हळूहळू कुणीतरी टोपी घातल्यासारखं वाटू लागलं. उद्याच्या चेकलिस्टा, मॅनेजरचे मेसेज, सगळं धुक्यात गेलं.

शेजारी एक म्हातारे अरब गृहस्थ होते, अबू राशिद. त्यांच्या रीम नावाच्या मादीची उजव्या पंखाची दोन पिसं शिकारीच्या सरावात मोडली होती, आणि आज भूल देऊन तीच स्वप्नालीच्या हाती असणार होती. "नई पर लगेगी," ते आपल्या हिंदीत म्हणाले, "फिर उडेगी, इन्शाल्ला."

काचेपलीकडे मला सगळं दिसत होतं. डॉक्टरांनी एक लांबट खण ओढला. त्यात गेल्या हंगामात दुसऱ्या ससाण्यांची गळालेली पिसं होती, डावी उजवी, नंबरवार ठेवलेली. मोडक्या पिसाचा दांडा कापायचा, त्यात बारीक काडी बसवायची आणि तिच्यावर दुसऱ्या पक्ष्याचं पीस चढवायचं. त्या दुसऱ्या पक्ष्याला ठाऊकही नसेल की आपलं पीस पुन्हा आभाळात जातंय. रीम टेबलावर उताणी, चोचीवर नळी, आणि डोक्याशी स्वप्नाली, हातात पेन. पाच मिनिटं झाली, लिहिलं. दहा, पंधरा, वीस. मी घड्याळ धरून बसले होते.

पंचविसाव्या मिनिटाला पेन हललं नाही.

ती पक्ष्याकडे बघत होती. तोच चेहरा, दूध उतू जातानाचा. मी काचेवर टकटक करायला हात उचलला, अबू राशिदांनी तो हलकेच खाली केला. आतमध्ये नवं पीस पंखात बसत होतं आणि दिव्याखाली चमकत होतं. मला वाटलं, गेली ही, आता हिला कुणी आणायचं? तेवढ्यात स्वप्नालीने डावा हात वर केला. काहीतरी बोलली. डॉक्टर थबकले, पक्ष्याकडे पाहिलं, आणि भुलीचा गॅस झटकन कमी केला. धोक्याची सूचना देणारं यंत्र त्यानंतर वाजायला लागलं. मग सगळ्यांचीच धावपळ झाली. मिनिटभराने यंत्र गप्प झालं आणि अबू राशिदांनी रोखलेला श्वास सोडला. माझा मी केव्हा रोखला होता कोण जाणे.

अर्ध्या तासाने मला आत बोलावलं. स्वप्नाली कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. टॉवेलात गुंडाळलेली रीम तिच्या छातीशी, अर्धवट जागी. मांडीवर तक्ता. माझी नजर सवयीने तिथेच गेली. पंचविसाव्या मिनिटाचा रकाना कोरा.

"अगं, हे राहिलं," मी खालच्या आवाजात म्हटलं. "वीसला सतरा आहे, तिसाला चौदा. मधे पंधरा लिही आणि मोकळी हो. कोण बघतंय?"

"मी मोजलं नाही, वन्सं."

"वर्ष जाईल तुझं!"

"माहीत आहे." तिचे डोळे भरले होते, पण पेन तिने उचललं नाही. "मागच्या दोन्ही वेळी मोजलं नव्हतं. तंद्री लागली, आणि मग अंदाजाने भरलं. तुम्ही केवढं कौतुक केलंत त्या कागदांचं. मला झोप नाही आली त्या रात्री."

तेवढ्यात रुखसार मॅडम आल्या. पन्नाशीच्या, लखनौच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी तक्ता उचलला आणि बोट बरोबर त्या जागी ठेवलं.

"ये खाली क्यों है?"

"गिना नहीं, मॅडम. उसको देख रही थी. साँस हलकी लगी, तो हाथ उठाया. गिनना रह गया."

रुखसार मॅडमनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तक्ता पुन्हा वरपासून वाचला. रीमने टॉवेलात एकदा नखं रोवली आणि सोडली.

"पिछली दो बार तूने सब डब्बे भरे थे," त्या म्हणाल्या. "अठारह, अठारह, अठारह. अरे, परिंदा है, घड़ी थोड़ी है! आज ये एक डब्बा खाली है, तो बाकी सब पे मुझे भरोसा आया. नीचे लिख दे, नहीं गिना, और क्यों." त्यांनी तक्ता पुढे धरला, स्वप्नालीने लिहिलं, मग त्यांनी तिच्याच हातातलं पेन घेतलं आणि सही केली. "खलास. यल्ला, अब इसे इसके घरवालों को दे."

स्वप्नाली रडली. मीही रडले, लपवत नाही.

परतताना धुकं विरलं होतं आणि वाळू पिवळीधमक झाली होती. मी विचारलं, "यंत्राच्या आधी कसं कळलं गं तुला?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "लहानपणी खुडूक कोंबडीसमोर दुपारभर बसायचे मी. आईचा भात करपायचा, मार बसायचा. पण कोंबडीचं काय बिनसलंय ते मला आईच्या आधी कळायचं." थोड्या वेळाने म्हणाली, "आजही तंद्री लागलीच होती, वन्सं. पण आज तंद्रीत ती रीमच होती."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी ऑफिसात चेकलिस्ट उघडली. गोदामाच्या मागच्या टोकाचा चौदा नंबरचा दरवाजा, मोकळा आहे का? पेन सवयीने बरोबरची खूण करायला टेकलं. तो दरवाजा फार लांब आहे, बाहेर ऊन असतं, आणि मी तिथे शेवटची कधी गेले होते ते मला आठवेना. रकाना कोरा ठेवला. हेल्मेट घातलं आणि चालत गेले.

दरवाज्यासमोर मालाचे लाकडी पॅलेट रचलेले होते, माझ्या डोक्याहून उंच. त्यांच्यावर बोटभर धूळ होती.

फोन करायला हवा होता सुपरवायझरला. मी लावला स्वप्नालीला. तिने उचलला, तरी मी नुसती त्या धुळीकडे बघत उभी राहिले.

"वन्सं?" ती पलीकडून म्हणाली. "हॅलो? बोला की. लक्ष कुठे आहे तुमचं?"