समुद्राच्या तळाची मूठभर वाळू

चाळीसगाव-धुळे रस्त्यावरच्या आमच्या गावात पोहता येण्याला काडीची किंमत नाही. पोहता तर म्हशीलाही येतं. किंमत विहिरीचा तळ गाठण्याला, आणि त्याचा पुरावा म्हणजे मुठीत वर आणलेला गाळ. गाळ नाही, तर तळ नाही. मी अर्ध्या वाटेवरून कान दुखतात म्हणून परत फिरणारा. माझे थोरले चुलतभाऊ नाना काठावर पंच म्हणून बसायचे. माझा रिकामा पंजा उलटापालटा करून बघायचे आणि ओरडायचे, "पुढला!"

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन म्हणून लागलो. निघताना एसटी स्टँडवर गळ्यात हार घालून मी गर्जना केली, "नाना, आता एकदम समुद्राचा तळ!"

"माटी लई येजो," नानांनी पुरावा आणायला बजावलं.

संधी आली थेट कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर. जहाज दुरुस्तीला थांबलं होतं आणि जवळच किनाऱ्यावर राखीव उद्यान होतं, बरंचसं पाण्याखाली पसरलेलं. तिथे बुडी मारायला शिकवणाऱ्या बाईंनी उथळ पाण्यात आम्हा जहाजवाल्यांची तालीम घेतली. कान दुखले की नाक दाबून हवा फुंकायची, ही साधी गोष्ट मला पंचविशी उलटल्यावर कळली. मग त्यांनी बजावलं: काही शिवायचं नाही, काही उचलायचं नाही. मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी कधी कमी पडलेलो नाही.

पाठीवर हवेची टाकी चढवली, तेव्हा मी कपाशीवर फवारणीला निघालेला दिसत होतो. खाली निळेपिवळे मासे चष्म्यासमोर थांबून मला न्याहाळून गेले. एक कासव तर अगदी सावकाश, माझी कीव करत गेलं. मी त्यांच्याकडे धड पाहिलंही नाही. मला फक्त पांढरी वाळू दिसत होती. गुडघे टेकले. तळ! आणि माझ्या हाताने, मला न विचारता, मूठ भरली.

बाई झपकन आल्या. त्यांनी मनगट धरलं, मी मूठ आवळली. मग माती खाणाऱ्या पोराची मूठ सोडवावी तसं त्यांनी माझं एकेक बोट उघडलं. मी नानांची सगळी हकिगत सांगू पाहिली. निघाले नुसते बुडबुडे. वाळू संथपणे खाली गेली.

सुट्टीत गावी आलो. विहिरीवर मंडळी जमली. मी मासे झालो, कासव झालो, बाईसुद्धा झालो. नानांनी तळाला गेलो का, एवढंच विचारलं.

"तळले गयथा?"

"गयथू ना, नाना!"

"माटी कोठे शे?"

तिथे उचलायला बंदी आहे, सगळं राखीव आहे, हे मी जीव तोडून समजावलं. नानांनी माझा पंजा उलटा करून पाहिला आणि मंडळींना निकाल सुनावला, "हाऊ बुडना नहीं. फकत वला व्हयना."

तेव्हापासून माझी ओळख एकच: परदेशात जाऊन नुसता ओला झालेला, आंघोळ करून आलेला. माझं स्थळ सांगतानाही मध्यस्थाने हीच सांगितली. मुलीचे वडील विचारात पडले.

"का हो," त्यांनी नानांना बाजूला घेऊन विचारलं, "गावमा पानीना एवढा हाल शेतस का?"